करवंदाचा कौल

मालूआत्याचे दात शनिवारी संध्याकाळी पांढरे झाले आणि रविवारी सकाळपासून घरात जे जे म्हणून पिवळं, लाल, तपकिरी होतं ते सगळं तिच्यावर चाल करून आलं.

पहिला हल्ला चहाचा. आणि तो आणला कोणी, तर गोपाळकृष्णकाकानं. उभ्या जन्मात ज्यानं स्वतःचं पाण्याचं भांडं उचललं नाही तो माणूस दोन्ही हातांत कपबशी धरून, ओठ आवळून, एक एक पाऊल मोजत ओटीवर आला.

"घे माले. आलं घातलंय, गवती चहापण घातलाय. तुमच्या टोरांटोत मिळेल का असा?"

मालूआत्यानं वास घेतला, डोळे मिटले आणि मान फिरवली. "दादा, मला दोन दिवस चालत नाही."

"चहा चालत नाही? काय सुवेर आहे की सुतक?"

ओवी आतून दात घासतच धावत आली. "काका, काल तीनदा सांगितलं ना. पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं तर डाग पडेल असं काही म्हणजे काहीच तिनं खायचं-प्यायचं नाही. सोमवारची संध्याकाळ होईस्तोवर."

"मग सदरा काढून पी म्हणावं," काका म्हणाला आणि तो चहा त्यानं आत्याच्या समोर बसून, मुद्दाम फुर्र फुर्र आवाज करत, स्वतः प्यायला.

आता हे सगळं दातांवरून चाललं होतं असं कोणाला वाटेल, पण ते चाललं होतं खोलीवरून. रस्त्याकडची खोली, जिथं ओवीचा दवाखाना. आजोबा होते तेव्हा ती आंब्याची खोली होती. तिथं पेंढा असायचा, पेट्या ठोकल्या जायच्या, आणि मे महिन्यात रस्त्यावरून जाणारी एसटीसुद्धा तिथं जरा हळू व्हायची म्हणे, वासासाठी. आजोबांच्या मागं खोली तिघा भावंडांच्या नावावर आली: गोपाळकृष्णकाका, मालूआत्या आणि सगळ्यात धाकटा सुजय, म्हणजे ओवीचा बाबा. ओवी दाताची डॉक्टर होऊन आली तेव्हा सगळ्यांनी हौसेनं नारळ फोडून खोली तिला दिली. पण गेल्या दिवाळीत काकाच्या मुलानं, वेदनं, पुण्याहून येऊन बापाच्या डोक्यात भुंगा सोडला. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या दारावरून जातात, तिथं आमरस, कोकम सरबत, फणसपोळी असं झकपक दुकान टाकू. तेव्हापासून काकाला दवाखान्याच्या पाटीकडं बघवत नव्हतं.

"रत्नागिरीत दात पांढरे करून घ्यायला कोण येणार?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. "इथं माणूस दाढ ठणकल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि उघडलं तर आधी शिव्या बाहेर पडतात."

ओवीचं म्हणणं वेगळं होतं. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी बाहेर आहे. मस्कतला, दुबईला, कॅनडात. मे महिन्यात आंब्याला सगळे येतात. तिकडं दाताला नुसता हात लावायचा तर माणूस आधी बायकोला विचारतो, मग बँकेला. ते इथं का नाही करून घेणार? आठ दिवस घरी राहायचं, दात नीट करून घ्यायचे, हसत परत जायचं.

आणि खरंच पहिली आली ती मालूआत्याच. तिची मुलगी मनस्वी पुढच्या महिन्यात टोरांटोत लग्न करत होती, आणि होणारी व्याहीण अशी होती की व्हिडिओ कॉलवर ती हसली की आत्याला आधी दिसायचे दात आणि मग व्याहीण. इकडं आत्याचे दात म्हणजे वर्षानुवर्षांच्या कॉफीनं जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे झालेले. ओवीनं आधी दोन किडके भरले, सगळे साफ केले, साचा घेतला, आणि शनिवारी हिरड्यांना लेप लावून दातांवर औषध चढवलं. वरून निळा दिवा. मग नकली दातांची ती पट्टी असते ना रंग जुळवायची, ती लावून बघितली. आत्या पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पोचली होती.

आत्यानं आरसा जवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. मग ओटीवर जाऊन भावांना म्हणाली, "ऐका. खोलीचं काय ते मी सोमवारी दिवेलागणीला सांगते. माझे दात तोवर असेच राहिले तर दवाखाना राहील. परत पिवळे पडले, तर दादा, तू तुझं दुकान टाक."

सुजय म्हणाला, "चालेल." सुजयला सगळंच चालायचं, तो त्याचा स्वभावच होता.

काका फक्त मिशीत हसला, आणि ओवीनं तिथंच ओळखलं की हा काहीतरी करणार.

रविवारच्या जेवणाचं पान म्हणजे नुसतं कटकारस्थान होतं. दमयंतीकाकूनं फणसाची भाजी केली होती हळदीचा हात सैल सोडून. आमसुलाचं सार असं लालभडक की वाटीत सूर्य बुडालाय. रायवळ आंब्याचं, मोहरी वाटून लावलेलं पिवळं सासव. आणि मधोमध पितळी पातेल्यात आमरस. आत्याच्या पानात काय, तर दहीभात, खोबऱ्याचा कीस आणि एक पांढरंफटक घावन.

"अगो, हे पान आहे की विधवेचा उपास," काका म्हणाला.

"दादा, गप जेव."

"मी आपलं सांगतो. हा रस तुझ्या झाडाचा आहे. विहिरीकडची पायरी. तू लावलेलीस."

"तिला गोड लागतं का अजून?"

"यंदा तर विचारू नको."

आत्यानं दहीभाताचा घास घेतला आणि रागानं चावला, जसं काही दह्यानंच सगळं केलंय. सुजय मान खाली घालून रस ओरपत होता.

"सुज्या, आवाज कमी कर," आत्या म्हणाली.

"बरं."

"आणि तिसरी वाटी घेऊ नको माझ्यासमोर."

"ही चौथी आहे," काका म्हणाला.

ओवीची आई घरी असती तर तिनं बाबाला डोळ्यांनीच जागेवर बसवलं असतं, पण ती नेमकी पोफळीला मावशीकडं गेलेली. म्हणजे ओवीच्या बाजूला कोण, तर चार वाट्या रस प्यायलेला एक बाप.

दुपारी सगळे आडवे झाले, तशी ओवी दवाखान्यात येऊन बसली. दारावर टकटक झाली. पदर तोंडाला लावून दमयंतीकाकू उभी. आत आली, दार लावलं, कडी घातली, आणि फळीवरच्या आत्याच्या दातांच्या साच्याकडं पाठ करून बसली. तो पांढरा प्लॅस्टरचा साचा ओवीनं घरी रात्री घालायच्या पारदर्शक पट्ट्या बनवायला केला होता. टोरांटोत रंग उतरायला लागला तर आत्या त्या पट्ट्यांत औषध भरून लावणार होती. काकूला मात्र तो साचा म्हणजे वन्सं मेल्यावरची कवळी वाटायची.

"ओव्ये, एक विचारू? हसणार नाहीस?"

"नाही गो काकू."

काकूनं पदर खाली केला आणि तोंड उघडलं. लग्नाआधीपासूनची मशेरी. पुढचे चार दात भाजलेल्या काजूगरासारखे.

"होतील का गो माझे? वन्संसारखे?"

"अगदी तसे नाही. पण मशेरी सोडलीस तर खूप फरक पडेल."

काकू विचारात पडली. मशेरी सोडायची म्हणजे तिच्या लेखी नवरा सोडण्यापेक्षा अवघड होतं, आणि तेच ती बोललीही. मग म्हणाली, "वेदच्या लग्नाच्या फोटोत मला तोंड मिटून बसायला लागेल, एवढंच मनात येतं. इतकी वर्षं हसले की पदर. हसले की पदर."

"मग ये ना. पण काकू, दवाखाना राहिला तर."

काकूनं ओवीकडं बघितलं. ओवीनं काकूकडं. त्या एका नजरेत घरातली आघाडी पार बदलून गेली.

"उद्याच्या भाजीत हळद नाही घालत," काकू कडी काढताना म्हणाली. "आणि ऐक. ह्यांच्यावर लक्ष ठेव. सकाळी सड्यावर, वरच्या कातळावर, जायचं म्हणत होते. इतक्या वर्षांत देवालासुद्धा सडा चढले नाहीत ते."

ओवी आत्याला शोधायला गेली तर आत्या खोलीत नाही, ओटीवर नाही, परसात नाही. शेवटी सापडली माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत. तिथं पेंढ्यावर आंब्याची आढी लावलेली होती, आणि आत्या गुडघे टेकून, तोंड पेंढ्यात खुपसून बसली होती.

"आत्या."

"खाल्ला नाही. शप्पथ," आत्या तशीच म्हणाली. "नुसता वास घेते. वास चालतो का गो?"

"वास चालतो."

मग दोघीही तिथंच बसल्या. आत्यानं एक हापूस गालाला लावला. "दादा वाईट नाही गो," ती म्हणाली. "आमचे अण्णा, तुझे आजोबा, गेले आणि ही आढी त्या खोलीतून इथं अंधारात आली, ते त्याला लागलंय. पण मला माझ्या पोरीच्या लग्नात तोंडावर हात न धरता हसायचंय. आणि तुझं काम चांगलं आहे. माझ्या तोंडानं ते सिद्ध झालं तर दादालाही बोलायला जागा नाही."

सोमवारी सकाळी काका सड्यावरून परत आला तो हातात पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन. द्रोणात करवंदं, काळीभोर, टच्च, देठाला अजून चीक. आणि तोंडाला पंचा बांधलेला.

"काय झालं?" सुजयनं विचारलं.

"दाढ," काका पंचातून म्हणाला.

ओवी लगेच उठली. "बघू."

"काही नको."

"काका, घरात डॉक्टर असून..."

"सांगितलं ना, नको." आणि तो दोन पावलं मागं सरकला. दाताच्या डॉक्टरपुढं पंचा बांधून उभा राहिलेला माणूस म्हणजे ओवीला बंद पाकिटासारखा वाटायला लागला, पण करते काय.

काकानं द्रोण पाटावर ठेवला. "माले, तुला आठवतं? आपलं तिघांचं काही अडलं की काय करायचो?"

आत्याचा चेहराच बदलला. "कोंबडा की कोंबडी."

हा खेळ कोकणात ज्यानं खेळला नाही त्यानं मे महिनाच बघितला नाही. करवंद दातानं मधोमध चावायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आधी बोलायचं, मग चावायचं. ह्या तिघांनी तर झोपाळ्यावर कोण बसणार इथपासून सायकल कोणाची इथपर्यंत सगळे निकाल त्यावर लावले होते. चावायची नेहमी मालू, कारण दोघा भावांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता.

"तर आता खोलीचं तसंच," काका म्हणाला. "दिवेलागणीपर्यंत कशाला थांबा. कोंबडा निघाला तर खोली माझी. कोंबडी निघाली तर ओवीची, मी परत नाव काढणार नाही. चावणार मालू. आणि नियम माहीत आहे ना? नाही म्हणेल तो हरला."

ओवीला सगळा डाव एका क्षणात कळला. चावलं तर तो जांभळा रस आणि चीक कालपरवाच औषध लागलेल्या दातांवर बसणार, म्हणजे संध्याकाळचा आरसा गेला. नाही चावलं तर आत्ताच हरले. कोंबडी निघाली तरी काका डागाळलेल्या दातांवर बोट ठेवून आत्याला तिचा शनिवारचा शब्द पाळायला लावणार होता.

"हे बरोबर नाही, दादा," सुजय म्हणाला. एवढं मोठं वाक्य तो भावापुढं पहिल्यांदाच बोलला असेल, आणि बोलून स्वतःच दचकला.

"नियम तू पण पाळलायस, सुज्या. सायकल मिळाली होती तुला."

"ती मोडकी होती."

आत्या करवंदाकडं बघत होती. हात पुढं गेला, मागं आला. तिला नाही म्हणता येईना, हे ओवीला दिसत होतं. तो कॅनडाचा पासपोर्ट वगैरे सगळा गळून पडला होता आणि समोर फ्रॉकमधली मालू बसली होती, जिनं खेळात कधी माघार घेतली नव्हती.

"माझ्या दातांनीच चावायला हवं?" तिनं विचारलं.

"तुझ्याच दातांनी. बाकी कोणाचे चालणार नाहीत," काका पंचातून ठामपणे म्हणाला.

"नक्की, काका?" ओवीनं विचारलं. "आत्याचेच दात, बास?"

"बास."

ओवी पळत सुटली. दवाखान्यात गेली, फळीवरून साचा उचलला, परत आली, धापा टाकत पाटावर ठेवला. वरची कवळी, खालची कवळी, पांढरी फेक. डावीकडचा सुळा किंचित वाकडा, पुढच्या दाताला लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खाच, सगळं जसंच्या तसं.

सगळे पाटाभोवती वाकले. मग सुजय हसायला लागला. तो हसताना आवाज करत नाही, नुसता हलतो. तो हलत होता आणि अख्खा झोपाळा त्याच्याबरोबर हलत होता.

"हे दात नाहीत, हा चुना आहे," काका म्हणाला.

"दात कोणाचे आहेत ते बघा," दमयंतीकाकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. ज्या साच्याकडं ती बघायची नाही, तो तिनं चक्क हातात घेतला आणि काकाच्या नाकासमोर धरला. "हा सुळा कोणाचा? ही खाच कोणाची? अहो, तुम्हीच ढकललं होतंत ना वन्संना झोपाळ्यावरून? तुम्ही म्हणालात तिचे दात. हे तिचे दात."

"तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"मी सुळ्याच्या बाजूनं आहे."

काकानं सगळ्यांकडं बघितलं. मग, ओवीला आश्चर्य वाटलं, तो लगेच कबूल झाला. फार लगेच. "बरं. चावू द्या त्याला."

आत्यानं द्रोणातलं एक करवंद निवडलं, साच्याच्या दातांत ठेवलं, वर दुसरी कवळी बसवली आणि दोन्ही हातांनी दाबलं. कच्च झालं. जांभळा रस पांढऱ्या प्लॅस्टरवरून ओघळला. आत्यानं उघडून बघितलं.

आत लाल. लालभडक.

"कोंबडा," ती हळूच म्हणाली.

खुर्ची, दिवा, फळीवरच्या बाटल्या, रंग जुळवायची पट्टी, सगळं ओवीला एका टेम्पोत चढताना दिसलं.

आणि काका हसला. इतका खूश होऊन हसला की पंचा हनुवटीवर घसरला, तोंड आ वासलं गेलं. खो खो खो.

सगळ्यात आधी बघितलं ते ओवीनं. सवयच ती. माणूस हसला की तिची नजर डोळ्यांकडं जात नाही.

काकाचे दात जांभळे होते. पुढचे, सुळे, दाढा, हिरड्या, जीभ, सगळं. जसं काही त्यानं शाईची दौत प्यायली.

"काका," ओवी म्हणाली, "तोंड असंच उघडं ठेव."

काकानं तोंड खाटकन मिटलं. उशीर झाला होता. आत्या उठून उभी राहिली होती.

"दादा. करवंदाच्या किती जाळ्या चाखल्यास?"

काका द्रोणाकडं बघायला लागला.

"एका जाळीची करवंदं एकाच जातीची असतात, हे मीच तुला शिकवलं होतं," आत्या म्हणाली. "सड्यावर जाळीजाळीला तोंड लावत हिंडलास आणि लाल जाळी सापडल्यावर द्रोण भरलास. खरं की नाही?"

सुजयनं द्रोणातली तीन करवंदं चावून बघितली. "कोंबडा," तो म्हणाला. "कोंबडा. हा पण कोंबडा."

"दाढ दुखतेय म्हणे," काकू म्हणाली.

काकानं पंचा परत वर ओढायला बघितला, मग सोडून दिला. ओशाळा झाला की तो अगदी लहान दिसायचा. "अगो, मला ती खोली हवी होती," तो म्हणाला. "वेदचं दुकान राहू दे. मला मे महिन्यात तिथं पेंढ्याचा वास हवा होता. आता आत गेलं की फिनेलचा येतो."

आत्तापर्यंत ओवी नुसती लढत होती, वासाचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "बाहेरच्या पडवीत माझी माणसं बसतात, काका," ती म्हणाली. "मे महिन्यात तिथं आढी लाव की. बाहेरगावची माणसं आली की आधी तुझा आंबा खातील, मग दात माझ्याकडं. नंतर खाताच येणार नाही, म्हणजे आधी किती खातील बघ."

काका विचार करायला लागला. जांभळ्या जिभेनं त्यानं ओठ चाटले.

"ते पुढचं," आत्या म्हणाली. "लबाडी पकडली गेली की बाकीचे दोघं सांगतील ते करायचं. हाही नियमच आहे. सुज्या, तू सांग."

सुजय उठला. त्यानं सगळ्यांकडं बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "दादा, खुर्चीत जाऊन बस."

संध्याकाळी दिवा लागल्यावर आत्यानं आरसा घेतला, रंग जुळवायची पट्टी लावली. रंग तिथंच होता, तसूभर हलला नव्हता. खोलीचं तिनं एका वाक्यात सांगितलं आणि दुसऱ्या वाक्यात आमरस मागितला.

मंगळवारच्या जेवणाला काकूनं सगळं परत केलं. फणसाची भाजी, आमसुलाचं सार, विहिरीकडच्या पायरीचा रस. सगळ्यांच्या पानांत रंगपंचमी. फक्त एका पानात दहीभात, खोबऱ्याचा कीस आणि पांढरंफटक घावन, आणि त्या पानावर गोपाळकृष्णकाका. जांभळं काढता काढता ओवीनं त्याचे दात असे काही पांढरे केले होते की सकाळपासून तो तीनदा मोरीतल्या आरशापुढं सापडला होता. काकूनं तर सांगूनच टाकलं होतं की पुढचा नंबर तिचा, मशेरीचा डबा तिनं काल विहिरीत टाकला म्हणे. नंतर तो शेजारणीकडं निघाला, ती गोष्ट वेगळी.

समोर आत्या. तिनं वाटी उचलली, तोंडाला लावली आणि पिवळीधमक मिशी उमटवून खाली ठेवली.

"यंदा तर विचारू नको," ती म्हणाली.

काकानं दहीभाताचा घास रागानं चावला. मग हळूच ओवीकडं कलला.

"ओव्ये," तो कुजबुजला, "निदान वास?"

"वास चालतो," ओवी म्हणाली, आणि रसाचं पातेलं त्याच्या नाकाखाली सरकवलं.